टीएमटीच्या खोलीत नव्याने आलेल्यांसाठी: हृदयाचा पेशंट कसा तपासावा, स्ट्रेस टेस्ट कशी घ्यावी

टीएमटीची (ट्रेडमिल टेस्ट, म्हणजे सरकत्या पट्ट्यावर चालवून घ्यायची स्ट्रेस टेस्ट) ड्युटी पहिल्यांदा लागली की रेसिडेंट असो, नर्स असो की टेक्निशियन, सगळ्यांचे डोळे मॉनिटरवरच्या एसटी रेषेला (ईसीजीत ठोक्याच्या उंच टोकानंतरचा भाग; हृदयाला रक्त कमी पडलं की तो दबतो) चिकटतात. रेषा खाली गेली तर पॉझिटिव्ह, नाही गेली तर निगेटिव्ह, एवढाच हिशेब डोक्यात असतो. खरं तर पेशंट किती मिनिटं चालला, चालताना त्याचं बीपी चढलं की बसलं आणि त्याला नेमकं काय जाणवलं, हे बघणं त्या रेषेइतकंच, कित्येकदा तिच्याहून जास्त मोलाचं असतं. मशीन रेषा आपोआप मोजतं. बाकीचं सगळं खोलीतल्या माणसांनी बघायचं असतं, आणि नेमकं तेच राहून जातं. म्हणून पेशंट दारातून आत येतो तिथपासूनच सुरुवात करू.

आधी खुर्चीवर बसवून बोला

बहुतेक पेशंट हातात चिठ्ठी घेऊन येतात आणि तिच्यावर फक्त 'टीएमटी' लिहिलेलं असतं. कशासाठी, ते नसतं. अशा वेळी दहा मिनिटं बोलण्यात घालवली तर ती वाया जात नाहीत.

अंजायनाच्या, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याने होणाऱ्या दुखण्याच्या तीन खुणा आहेत. ते छातीच्या मध्यभागी, हाडामागे, दाबल्यासारखं येतं. श्रमाने किंवा मनस्तापाने येतं. आणि थांबल्यावर किंवा जिभेखाली सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) ठेवल्यावर काही मिनिटांत जातं. तिन्ही जुळल्या तर नमुनेदार अंजायना, दोन जुळल्या तर शंका ठेवायची, एकच जुळली तर कारण बहुधा दुसरीकडे शोधायचं.

अडचण अशी की, आपल्याकडचा पेशंट पुस्तकातल्यासारखं बोलत नाही. 'छातीत भरून येतं', 'गच्च होतं', 'गॅस वर चढतो', 'हात जड पडतो', 'घशाशी आवळतं' अशी त्याची तक्रार असते. 'छातीत दुखतं का?' असं विचारलं तर तो 'नाही' म्हणेल, आणि त्याच्या परीने ते खरंही असेल. म्हणून असं विचारा: 'काका, झपाझप चालताना, जिना चढताना किंवा जेवून लगेच बाहेर पडल्यावर छातीत, घशात, जबड्यात, हातात काही होतं का? थांबलात की जातं का?' मग म्हणा, 'कुठं होतं ते हाताने दाखवा.' छातीवर मूठ किंवा अख्खा पंजा ठेवला तर कान टवकारा. एका बोटाने एकच जागा दाखवली आणि तिथे दाबल्यावर दुखणं वाढलं, तर ते बरगडीचं किंवा स्नायूचं असण्याचीच शक्यता जास्त.

पित्ताच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेणाऱ्या पेशंटची चौकशी जरा जास्त बारकाईने करा. चढावर चालताना येणारी आणि उभं राहिलं की दोन मिनिटांत जाणारी जळजळ पित्ताची नसते. पित्ताला जिना कळत नाही.

बायकांमध्ये, मधुमेहींमध्ये आणि वयस्कर माणसांमध्ये दुखणं मुळीच नसू शकतं. फक्त धाप लागते किंवा थकवा येतो. 'मावशी, वर्षभरापूर्वी एका दमात होणारं कुठलं काम आता थांबत थांबत करावं लागतं?' या प्रश्नाला फार चांगली उत्तरं मिळतात. त्याच ओघात तंबाखूचं विचारा, आणि बायकांना मिश्रीचं वेगळं विचारा. तंबाखू खाता का म्हटलं तर 'नाही' म्हणणारी मावशी रोज सकाळी मिश्री लावत असते. पेशंट तरुण आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात पहिल्या हार्ट अटॅकचं सरासरी वय दक्षिण आशियात ५३ निघालं, बाकीच्या देशांत ते ५८.८ होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: 'गेल्या काही दिवसांत त्रास वाढलाय का?' बसल्या जागी दुखायला लागलं, रात्री झोपेतून उठवलं, पूर्वी दोन मजले चढल्यावर व्हायचं ते आता दहा पावलांवर होतं, असं काही ऐकलं तर टेस्ट तिथेच रद्द. हा पेशंट पट्ट्यावर चढवायचा नसतो. त्याला स्ट्रेचरवर घ्या, ईसीजी काढा आणि इमर्जन्सीत पाठवा. चिठ्ठी कितीही मोठ्या डॉक्टरांची असली तरी फोन करून हे सांगणं तुमचं काम आहे.

स्टेथोस्कोप लावल्याशिवाय पट्ट्यावर नाही

गर्दीच्या दिवशी ही पायरी सर्रास गाळली जाते, आणि तीच सर्वांत धोक्याची. महाधमनीची झडप अरुंद झालेली असेल (अऑर्टिक स्टेनोसिस) आणि पेशंटला लक्षणं असतील, तर ट्रेडमिलवर तो कोसळू शकतो. छातीच्या उजव्या बाजूला, वरून दुसऱ्या फटीत, मानेकडे जाणारा खरखरीत मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) ऐकू आला तर आधी इको (हृदयाची सोनोग्राफी). पापणी ओढून बघा: रक्त खूप कमी असेल तर तपासणी पुढे ढकला. पायावर सूज, फुप्फुसाच्या तळाशी बुडबुड्यांचा आवाज, मानेची फुगलेली शीर, म्हणजे हार्ट फेल्युअर आटोक्यात नाही. अशा पेशंटचीही टेस्ट नको.

याखेरीज टेस्ट मुळीच करायची नाही असे पेशंट म्हणजे हार्ट अटॅकला दोन दिवसही न झालेले, बेताल ठोक्यांमुळे बीपी पडणारे, हृदयाच्या स्नायूला किंवा आवरणाला ताजी सूज असलेले, झडपेला जंतुसंसर्ग झालेले, फुप्फुसात गुठळी अडकलेले आणि महाधमनी फाटल्याची शंका असलेले. बसल्या जागी बीपी २००/११० च्या वर असेल तर आधी ते खाली आणायचं.

नंतर पेशंटला झोपवून बारा लीडचा (लीड म्हणजे हृदयाकडे बघण्याची एकेक दिशा) नेहमीचा ईसीजी काढा आणि जुन्या पट्टीशी ताडून बघा. लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक (हृदयाच्या डाव्या बाजूच्या विजेच्या वाटेत अडथळा), पेसमेकरचे ठोके, डब्ल्यूपीडब्ल्यू (हृदयात विजेची जन्मजात जादा वाट) किंवा आधीपासूनच एक मिलिमीटरहून जास्त दबलेली एसटी दिसली, तर साध्या टीएमटीची रेषा वाचताच येत नाही. डिगॉक्सिन घेणाऱ्यांची रेषाही फसवी असते. त्यांच्यासाठी स्ट्रेस इको (श्रमाच्या वेळचा इको) किंवा थॅलियमसारखी (हृदयाच्या रक्तपुरवठ्याचं चित्र दाखवणारी) तपासणी सुचवा. गुडघ्यांमुळे चालताच येत नसेल तर डोब्युटामिन (ठोके वाढवणारं औषध) देऊन इको करता येतो. अशा आजीबाईंना पट्ट्यावर दोन मिनिटं ओढून 'टेस्ट अपुरी' असा रिपोर्ट देण्यात कुणाचंच भलं नाही.

टेस्ट कुणाची करायची, यात आणखी एक मेख आहे. साध्या टीएमटीची संवेदनशीलता (आजार असलेल्यांपैकी किती जणांची टेस्ट पॉझिटिव्ह येते) साधारण ६८ टक्के आणि विशिष्टता (आजार नसलेल्यांपैकी किती जणांची निगेटिव्ह येते) ७७ टक्के धरतात. म्हणजे दोन्हीकडे चुका होतात. तीस वर्षांच्या, टोचल्यासारखं दुखणाऱ्या, बाकी काहीही धोका नसलेल्या मुलीची टेस्ट पॉझिटिव्ह आली तर ती बहुधा खोटी असते. उलट पासष्टीच्या, सिगारेट ओढणाऱ्या, नमुनेदार अंजायना असलेल्या पुरुषाची निगेटिव्ह आली तरी आजार नाही असं म्हणता येत नाही. निदानासाठी ही टेस्ट मधल्या गटात कामी येते, जिथे आपल्याला खरोखरच दोन्ही शक्यता वाटतात. म्हणूनच आधीचं बोलणं नीट झालेलं हवं.

तयारी

पेशंटने दोन-तीन तास आधी हलकं खाल्लेलं असावं. भरल्या पोटी नको, आणि अगदी उपाशीही नको. आपल्याकडे एकादशी, चतुर्थी, गुरुवार असे उपास असतातच, म्हणून अपॉइंटमेंट देतानाच विचारून घ्या. मधुमेही पेशंट इन्शुलिन घेऊन उपाशी आला असेल तर आधी साखर तपासा. निदानासाठी टेस्ट असेल तर बीटा ब्लॉकर (नाडी मंदावणारी औषधं) एक-दोन दिवस थांबवतात, पण ते ज्या डॉक्टरांनी औषध दिलंय त्यांच्या सल्ल्यानेच. औषध चालू असताना त्रास आटोक्यात आहे का, एवढंच बघायचं असेल तर ते थांबवायचं नाही. रिपोर्टमध्ये काय चालू होतं ते मात्र लिहायचं.

साडी नेसून चढावर चालणं अवघड असतं. खोलीत दोन-तीन मापांच्या सलवारी आणि समोरून उघडणारे गाऊन ठेवा. चप्पल चालत नाही. बूट नसतील तर अनवाणी चालू द्या.

संमतीपत्रावर सही घेताना धोका लपवू नका आणि घाबरवूही नका. साधारण अडीच हजार टेस्टमध्ये एखाद्याला हार्ट अटॅक येतो किंवा मृत्यू होतो. हा आकडा लहान आहे, पण शून्य नाही. म्हणूनच डिफिब्रिलेटर चार्ज होतो का, ऑक्सिजनच्या सिलिंडरमध्ये दाब आहे का, सक्शन चालतं का, हे रोज सकाळी पहिल्या पेशंटच्या आधी स्वतः बघा. डॉक्टर हाकेच्या अंतरावर नसतील तर टेस्ट सुरू करू नका.

इलेक्ट्रोड लावण्याचं काम किरकोळ वाटतं, पण निम्म्या खराब टेस्टचं मूळ तिथेच असतं. छातीवर केस असतील तर तेवढी जागा दाढी करून घ्या. स्पिरिटने पुसून तेल आणि घाम काढा, स्पिरिट वाळू द्या, मग बारीक खरखरीत पट्टीने त्वचा हलकेच घासा, किंचित गुलाबी होईपर्यंत. आता इलेक्ट्रोड चिकटवा आणि त्यावर बोटाने टिचकी मारा. मॉनिटरवरची रेषा उड्या मारू लागली तर तो काढून पुन्हा लावा. नऊ मिनिटांनंतर पेशंट घामाने निथळत असताना ही दुरुस्ती करता येत नाही. हातांचे इलेक्ट्रोड गळपट्टीच्या हाडाखाली आणि पायांचे पोटाच्या खालच्या बाजूला लावायचे, ही १९६६ पासून रूढ असलेली मेसन-लिकार पद्धत. त्यामुळे ईसीजीचा अक्ष बदलतो आणि हृदयाच्या खालच्या भिंतीच्या जुन्या अटॅकची खूण पुसली जाऊ शकते. म्हणून झोपवून काढलेला नेहमीचा ईसीजी वेगळा हवा. यानंतर पेशंटला उभं करून एक पट्टी काढा आणि बीपी घ्या.

पट्टा सुरू

बहुतेक ठिकाणी ब्रूस प्रोटोकॉल वापरतात. अमेरिकेतल्या सिएटलचे हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूस यांच्या नावाने तो ओळखला जातो. दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. पहिला टप्पा ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ, दुसरा ४ किलोमीटर आणि १२ टक्के, तिसरा ५.५ आणि १४ टक्के, चौथा ६.८ आणि १६ टक्के. श्रम मेटमध्ये मोजतात. एक मेट म्हणजे स्वस्थ बसलेल्या माणसाला लागणारा ऑक्सिजन, किलोमागे मिनिटाला ३.५ मिलिलिटर. पहिला टप्पा पूर्ण केला तर साधारण ५ मेट, दुसरा ७, तिसरा १०. वयस्कर किंवा अशक्त पेशंटला थेट १० टक्क्यांचा चढ झेपत नाही. त्यांच्यासाठी मॉडिफाइड ब्रूस घ्या: त्यात वेग तोच, पण आधी सपाट आणि मग ५ टक्के चढ असे दोन हलके टप्पे असतात.

चालायचं कसं, ते आधी स्वतः पट्ट्यावर चढून दाखवा. 'समोर बघा, पायाकडे नको. लांब पावलं टाका. पट्टा मागे नेतोय म्हणून घाबरू नका.' पहिल्या मिनिटाला प्रत्येक जण दांडी घट्ट धरतो. धरू द्या, मग हळूहळू सोडायला सांगा. तोल सावरण्यापुरती बोटं टेकलेली चालतील. दांडीवर भार टाकून चालणारा पेशंट दहा मिनिटं काढतो खरा, पण त्याने केलेले श्रम मशीन दाखवतं त्याहून बरेच कमी असतात, आणि मग मेटचा आकडा खोटा ठरतो.

बीपी दर टप्प्याच्या शेवटच्या मिनिटात, हाताने. चालत्या पेशंटचं आपोआप मोजणाऱ्या मशीनवर विसंबू नका. दांडीवरचा हात सोडायला लावा, कोपर सरळ करून तुमच्या काखेत किंवा हातावर अलगद धरा, स्टेथोस्कोप दाबून ठेवा. पट्ट्याच्या खडखडाटात वरचा आकडा तरी नीट ऐका. दर मेटमागे वरचं बीपी साधारण १० ने चढायला हवं. खालचं तेवढंच राहतं किंवा थोडं उतरतं. श्रम वाढताहेत आणि बीपी चढत नाही, किंवा चढलेलं खाली येतंय, याचा अर्थ हृदयाला मागणी पुरवता येत नाही. डाव्या मुख्य धमनीत किंवा तिन्ही धमन्यांत अडथळा असण्याची ती खूण असू शकते. आकडा विचित्र वाटला तर लगेच पुन्हा घ्या. त्यात पंधरा-वीस सेकंद जातात, तेवढी घ्याच.

पेशंटशी बोलत राहा. पूर्ण वाक्यात उत्तर देणारा पेशंट अचानक 'हं, हं' वर आला तर दम संपत आलाय. ओठांचा रंग, कपाळावरचा गार घाम, पाय घसटणं, हे मॉनिटरवर दिसत नाही. छातीत काही सुरू झालं तर किती वाजता, किती ठोक्यांवर, कितपत, ते तिथल्या तिथे लिहा.

नाडीचं लक्ष्य म्हणजे २२० वजा वय, त्याचे ८५ टक्के. साठीच्या माणसाला १६० आणि १३६. पण हे सूत्र फक्त अंदाजाचं आहे. त्यात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. १३६ ला पोहोचला म्हणून पट्टा बंद करू नका. तो अजून आरामात चालत असेल तर चालू द्या, दमला की थांबवा. ८५ टक्क्यांवर टेस्ट तोडली आणि अंजायना १४५ वर येणार असेल, तर तुम्ही तो बघितलाच नाही.

केव्हा थांबवायचं

काही गोष्टी दिसल्या की विचार करत बसायचं नाही: वरचं बीपी १० हून जास्त पडलं आणि सोबत अंजायना किंवा ईसीजीत बदल आहे, छातीतलं दुखणं मध्यम ते तीव्र झालं, चक्कर आली किंवा पाय लडखडले, चेहरा पांढराफटक पडला, व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया (खालच्या कप्प्यांतून येणारे भरधाव ठोके) लागला, ब्लॉक (हृदयातल्या विजेच्या वाटेत अडथळा) आला, क्यू वेव्ह (जुन्या अटॅकची ईसीजीतली खूण) नसलेल्या लीडमध्ये एसटी एक मिलिमीटर वर गेली (एव्हीआर आणि व्ही-१ या लीड सोडून). ईसीजी किंवा बीपी दिसेनासं झालं तरी थांबवा. आणि पेशंट 'बास' म्हणाला तर थांबवा. 'अजून एकच मिनिट काका' असं एकदा म्हणायला हरकत नाही, त्रास नसताना. त्रास असताना कधीच नाही. बीपी २५०/११५ च्या वर गेलं किंवा एसटी दोन मिलिमीटरहून जास्त दबली तर बाकी चित्र बघून निर्णय घ्या.

पट्टा थांबला म्हणजे टेस्ट संपली असं मुळीच नाही. काही पेशंटमध्ये एसटीचा बदल विश्रांतीतच दिसतो, आणि बेताल ठोकेही बऱ्याचदा तेव्हाच येतात. किमान सहा ते आठ मिनिटं, रेषा आणि नाडी मूळपदावर येईपर्यंत, तारा काढू नका. सावकाश चालवत उतरवत असाल तर पहिल्या मिनिटाला नाडी किती उतरली ते लिहा. १२ किंवा त्याहून कमी उतरली तर ती वाईट खूण समजतात. त्रास थांबत नसेल तर बसवून सॉर्बिट्रेट द्या, पण आधी बीपी बघा आणि सिल्डेनाफिलसारखी (लैंगिक दुर्बलतेवरची) गोळी घेतली आहे का ते विचारा. नातेवाइकांना बाहेर काढून विचारा, नाहीतर खरं उत्तर मिळणार नाही.

रिपोर्ट

जे पॉइंटनंतर (जिथून एसटी सुरू होते तो बिंदू) ६० ते ८० मिलिसेकंदांवर, सलग तीन ठोक्यांत, एसटी एक मिलिमीटर किंवा जास्त दबलेली आणि आडवी किंवा खाली उतरणारी, म्हणजे पॉझिटिव्ह. भरभर वर चढणारी रेषा बहुधा निरुपद्रवी. मशीनने सरासरी काढून गुळगुळीत केलेल्या ठोक्यांवर विसंबू नका, मूळ पट्टी बघा. व्ही-५ हा लीड सगळ्यात भरवशाचा. फक्त हृदयाच्या खालच्या भिंतीकडे बघणाऱ्या लीडमध्ये बदल असेल तर जपून वाचा, कारण तिथे खोटे बदल बरेच येतात.

त्यानंतर ड्यूक स्कोअर (पेशंटला पुढे किती धोका आहे ते सांगणारा आकडा) काढा. सूत्र सोपं आहे: ब्रूसवर चाललेली मिनिटं, वजा एसटीचे मिलिमीटर गुणिले ५, वजा अंजायनाचा आकडा गुणिले ४. अंजायना नाही तर ०, आला पण टेस्ट त्यामुळे थांबली नाही तर १, त्यामुळेच थांबली तर २. +५ किंवा वर म्हणजे धोका कमी, -११ किंवा खाली म्हणजे जास्त, बाकी मधले. समजा एक पेशंट ६ मिनिटं चालला, एसटी २ मिलिमीटर दबली. दुखलं, पण पाय थकले म्हणून थांबला, तर ६ - १० - ४ = -८, मधला गट. दुखण्यामुळेच थांबला असेल तर ६ - १० - ८ = -१२, धोक्याचा गट. ड्यूक विद्यापीठाच्या १९९१ मधल्या अभ्यासात कमी धोक्याच्या गटातले ९९ टक्के लोक चार वर्षांनी हयात होते, जास्त धोक्याच्या गटातले ७९ टक्के. तेव्हा पेशंट का थांबला, हे त्याला विचारून लिहिलं नसेल तर तो कुठल्या गटातला, हे रिपोर्ट वाचणाऱ्याला कळणारच नाही.

निगेटिव्ह आली तर 'हृदय ठणठणीत आहे' असं सांगू नका. ही टेस्ट रक्तप्रवाह अडवण्याइतका अरुंदपणा ओळखते, साधारण ७० टक्के आणि पुढचा. धमनीतला त्याहून लहान चरबीचा थर फुटूनही अटॅक येतो. 'एवढ्या श्रमाला तुमच्या हृदयाला रक्त पुरतंय, पण तंबाखू आणि बीपीचं काम बाकी आहे,' असं सांगा. पॉझिटिव्ह आली तर दारातच 'अँजिओग्राफी करावी लागेल' म्हणून मोकळे होऊ नका. कितव्या मिनिटाला काय झालं ते समजावून डॉक्टरांकडे पाठवा.

अटॅकनंतर घरी जाण्याआधी किंवा जाताच घेतात ती टेस्ट वेगळी. ती साधारण चार-सहा दिवसांनंतर, स्थिर पेशंटमध्ये, ५ मेट किंवा १२० ठोक्यांपर्यंतच न्यायची. पेशंटला खरोखर हवं असतं ते एकच उत्तर: किती चालू, कामावर कधी जाऊ? ते तुमच्या कागदावर असतं. रिहॅबच्या (अटॅकनंतरच्या व्यायाम-कार्यक्रमाच्या) फिजिओथेरपिस्टला नुसतं 'पॉझिटिव्ह' पाठवू नका, एसटी किंवा दुखणं कितव्या ठोक्यावर सुरू झालं ते पाठवा. ११५ ला सुरू झालं असेल तर व्यायामात नाडी १०५ च्या पुढे जाऊ द्यायची नाही, आणि ती कशी मोजायची हे पेशंटला मनगटावर बोट ठेवून शिकवूनच घरी पाठवायचं.